घड्याळातली दहा नावं

हे मी सहसा कुणाला सांगत नाही. पण 'हातात घालायला चांगलं घड्याळ कुठलं घ्यावं' असं तुम्ही विचारलंच आहे, तर चहा घ्या आणि शांतपणे ऐकून घ्या. मी माझ्या जिवंत बापाच्या मयतीला माणसं गोळा केली, आणि त्यांच्यात बसून स्वतःही रडलो. लगेच हसू नका. पूर्ण ऐका आणि मग हसायचं की नाही ते ठरवा.

कडेगावात माझं मोबाइलच्या सामानाचं दुकान आहे. कव्हर, चार्जर, इअरफोन, असलं सगळं. घर तिथून चार किलोमीटरवर, मळ्यात. दुकान हा धंदा झाला. वेड त्याहून मोठं आहे. बाजारात नवीन यंत्र आलं की मला चैन पडत नाही. डबा उघडल्यावर मी आधी त्याचा वास घेतो. बायको म्हणते, पोरं झाली तेव्हाही तुम्ही त्यांना एवढं निरखून बघितलं नव्हतं. खोटं आहे ते, पण अगदीच खोटं म्हणता येणार नाही.

वरच्या खोलीत टेबल, दिवा आणि कॅमेरा मांडून मी या यंत्रांचे व्हिडिओ करतो. कुठल्या हेडफोननं कान तापतात, कुठल्या गेमच्या रिमोटची बटणं महिन्याभरात ढिली पडतात, हे लोकांना सांगतो. बघणारे थोडे. त्यातले तिघं माझे चुलतभाऊ, आणि तेही मी भेटल्यावर विचारीन या भीतीनं बघतात.

आता अण्णा. म्हणजे माझे वडील. फौजेत हवालदार होते, वय बहात्तर. वेळेला इतके पक्के की नवाची एसटी असली तर साडेआठला स्टँडवर. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण याच माणसाला आयुष्यात एकदाच उशीर झाला आणि तो माझ्यामुळे झाला.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. अण्णांना एकच बहीण, हौसाआत्या, आटपाडीला दिलेली. तिच्या लेकीचं लग्न होतं. आपल्याकडं नवरीला बोहल्यावर घेऊन यायचा मान मामाचा, तुम्हाला ठाऊकच आहे. अण्णांनी त्यासाठी नवा फेटा घेतला होता. आणि मी घेतलं होतं गाडीच्या काचेपुढं चिकटवायचं नकाशाचं यंत्र.

"विट्यावरनं सरळ रस्ता हाय," अण्णा म्हणाले. "आंधळा बी जाईल."

मी म्हणालो, "अण्णा, यात आतला रस्ता दाखवतंय. अठरा मिनिटं वाचतात."

त्या अठरा मिनिटांचा मला फार मोह झाला. यंत्रानं आम्हाला कालव्याच्या कडेनं नेलं, मग बाभळीत नेलं, मग एका विहिरीपुढं नेऊन उभं केलं आणि म्हणालं, सरळ चला. मागं फिरता येईना. गाडीचं चाक वाळूत रुतलं. आम्ही मांडवात पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि पहिली पंगत बसली होती. मामा म्हणून कुणीतरी लांबचा चुलत माणूस उभा केला होता.

आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "भनीच्या लेकीच्या लग्नाला तुला येळंवर येता येईना व्हय रं दादा?"

अण्णांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी माझ्या बुटांकडं बघत होतो. तेव्हा बोलायला पाहिजे होतं. एक वाक्य, बस. मी बोललो नाही. आणि अण्णा शरमेनं पेटले होते, ते भलतंच बोलून बसले. "मामा नव्हता म्हून लग्न अडलं का? झालं न्हवं?"

आत्याचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. आता तुझ्या दारात मी येईन ती तुझ्या मड्यालाच."

बोलली तशी वागली. सात वर्षांपूर्वी माझी आई गेली. आत्या आली, पण स्मशानात आली. आईसाठी ढसाढसा रडली आणि तिथूनच आटपाडीची गाडी धरली. घराची पायरी चढली नाही. अण्णा त्या रात्री जेवले नाहीत, पण माझं नाव त्यांनी तेव्हाही घेतलं नाही. अकरा वर्षांत कधीच घेतलं नाही. आणि मीही सांगितलं नाही. एक एक वर्ष गेलं तसं सांगणं अवघड होत गेलं.

असो. गेल्या वर्षी अण्णांच्या छातीत दुखलं. कऱ्हाडला नेलं, डॉक्टरांनी आत स्प्रिंग बसवली आणि बजावलं: रोज सहा हजार पावलं चाला, तळलेलं बंद. सहा हजार कोण मोजणार? मला तर निमित्तच पाहिजे होतं. मी अण्णांसाठी घड्याळ घेतलं.

वस्तू चांगली आहे, खोटं का बोला. भर दुपारच्या उन्हात पडदा स्पष्ट दिसतो. पट्टा मऊ. बॅटरी दोन दिवस म्हणतात, दीड दिवस जाते. आतच सिमकार्ड, त्यामुळं फोन जवळ नसला तरी चालतं. पावलं मोजतं, नाडी बघतं, झोप बघतं. आणि सगळ्यात भारी म्हणजे माणूस पडला तर त्याला कळतं. आधी ते मनगटावर थरथरतं आणि विचारतं, तुम्ही ठीक आहात का? मिनिटभर कुणी बटण दाबलं नाही, तर यादीतल्या दहा जणांना आपोआप मेसेज जातो.

अण्णांनी ते घातलं आणि म्हणाले, "ह्ये मनगटावर पोलीस बसवल्यावानी हाय."

"तुमच्याच भल्यासाठी आहे."

"पोलीस बी आसंच म्हनतोय."

दहा जणांची यादी मी मोठ्या हौसेनं भरली. मी, बायको, शेजारचे तानाजीकाका, चुलतभाऊ, गावातले दोघं तिघं. नऊ झाले. दहावी जागा मोकळी बघवेना, म्हणून आत्याच्या मुलाचा, विश्वासचा नंबर टाकला. आमच्या दोघांचं गुपचूप बोलणं असायचं. यादी पूर्ण दिसली पाहिजे, एवढाच माझा विचार होता.

मेसेज मुळात इंग्रजीत होता. आमच्या पाहुण्यांना इंग्रजी मेसेज आला की ते जाहिरात समजून पुसून टाकतात. म्हणून मी तो काढला आणि मराठीत लिहिला: 'अण्णांची तब्येत सीरियस आहे. ताबडतोब निघून या.' वाचून बघितला. थोडक्यात आणि स्वच्छ होता. मला तो फार आवडला.

तुम्ही आताच कपाळाला हात लावलात, बघा. तुम्हाला कळलं. मला कळलं नाही.

आपल्याकडं माणूस गेला हे फोनवर कुणी कधी सांगतं का? ताप असला तर 'बरं न्हाई' म्हणतात. खरोखर सीरियस असला तर 'ॲडमिट केलंय' म्हणतात. आणि 'सीरियस हाय, ताबडतोब निघा' असं म्हणाले, की बायका अंगावरचं चांगलं लुगडं बदलतात आणि पुरुष गाडीत डिझेल भरतात. उलटा फोन केला तरी 'कधी न्यायचं' एवढंच विचारायचं, 'गेले का?' असं विचारायचं नसतं. मी लहानपणापासून हेच बघत आलोय. माझ्या आजोबांच्या वेळी हा निरोप मीच चार गावांना दिला होता. पण त्या दिवशी मी घड्याळाच्या सेटिंगमध्ये होतो, गावात नव्हतो.

पहिला आठवडा अण्णांची पावलं दोन हजाराच्या वर जाईनात. मी रोज बोलायचो. मग एकाएकी आकडा वाढला. आठ हजार. अकरा हजार. एके दिवशी चौदा. मी दुकानात येईल त्याला मोबाइल काढून दाखवायचो. त्यावर एक व्हिडिओही केला. डॉक्टरांना आलेख दाखवला तर ते चष्मा वर करून म्हणाले, "या वयात एवढी चढउतार?" मी छाती फुगवून म्हणालो, "फौजी आहेत."

आता तो सोमवार. सोमवारी दुकान बंद असतं. बायको मुलांना घेऊन माहेरी, उंब्रजला, भाच्याच्या बारशाला गेली होती. अण्णा सकाळी नेहमीप्रमाणे शेळी घेऊन रानात गेले. मी वरच्या खोलीत दार लावून बसलो. गेम खेळताना घालायचा नवा हेडफोन आला होता. तो घातला की बाहेरचा आवाज बंद, आणि त्याच्या माइकला फक्त आपलाच आवाज जातो, असं डब्यावर लिहिलेलं. मी ठरवलं, दोन तास सलग घालून खेळायचं आणि सगळं रेकॉर्ड करायचं. मोबाइल मुका करून उलटा ठेवला.

खेळ चौघांच्या टोळीचा असतो. जोडीदार गोळी लागून पडला, तर दुसऱ्यानं पळत जाऊन त्याला उठवायचं. माझा जोडीदार ओडिशातला कुणीतरी होता आणि दर पाच मिनिटांनी पडत होता. त्याला मराठी येत नाही, पण अशा वेळी माणूस मायबोलीतच ओरडतो.

इकडं साडेअकराला घड्याळाला कळलं की अण्णा पडले. घड्याळानं विचारलं. अण्णांनी उत्तर दिलं नाही. दहा मेसेज गेले.

पहिले आले तानाजीकाका. घराचं दार उघडं, आत कुणी नाही, आणि माडीवरून माझा आवाज: "उठ की रं! उठ! आसा पडून राहू नगंस, मी आलोय न्हवं!"

तानाजीकाका दारातच खाली बसले. हे सगळं मला नंतर कळलं, त्यांनीच सांगितलं. मग त्यांच्या मंडळी आल्या, भावकी आली. कुणीतरी म्हणालं, वर जाऊन बघावं. काका म्हणाले, "नगं. पोराला रडू द्या. मोकळं हू द्या." आणि सगळे माझं रडणं ऐकत अंगणात बसून राहिले.

अण्णा कुठं आहेत, हा प्रश्न कुणालाच पडला नाही असं नाही. एकजण म्हणाला, कऱ्हाडच्या दवाखान्यात नेलं आसंल. दुसरा म्हणाला, मग बॉडी निघाली आसंल. तिसरा आला त्याला सांगितलं, बॉडी निघालीय. साडेबारापर्यंत ती कडेगावच्या फाट्यावर येऊन पोचली होती. गावाच्या ग्रुपवर अण्णांचा वर्दीतला फोटो पडला आणि खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. तिरडीसाठी कळक तोडायला दोघं ओढ्याकडं गेले. माझं वरून चालूच: "उठ गड्या, आपल्याला लय लांब जायचं हाय!" हे ऐकून बायका पदर डोळ्याला लावत होत्या.

एक वाजता आटपाडीहून विश्वासची जीप आली. आत्या उतरली. अंगणात तिला धरायला बायका पुढं झाल्या, पण ती कुणाजवळ थांबली नाही. अकरा वर्षं न चढलेली पायरी चढली, जिना चढली आणि माझ्या खोलीचं दार ढकलून आली. मला यातलं काही ऐकू आलं नाही. माझी पाठ दाराकडं होती.

पाठीमागून दोन हात एकदम गळ्यात पडले. मी असा किंचाळलो की पडद्यावर माझा माणूस जागच्या जागी मेला. वळून बघतो तर आत्या. तोंड उघडं, डोळ्यांतून धारा, ओठ हलतायत, आणि आवाज काही नाही. त्या परिस्थितीतही माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? की हेडफोन खरंच चांगला आहे. आज सांगतानाही मला त्याची लाज वाटते.

मी तो काढला. आणि खालचा सगळा आक्रोश एका दमात खोलीत शिरला.

"कवा गेला रं माजा दादा?" आत्या म्हणत होती. "माजी वाट तरी बघायची."

"कोण गेलं?" मी विचारलं.

आत्यानं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि जिन्यातल्या विश्वासला म्हणाली, "पोराला भान न्हाई रं ऱ्हायलं. पानी आन."

मी मोबाइल उचलला. त्रेपन्न मिस्ड कॉल. आणि वर तो मेसेज: अण्णांची तब्येत सीरियस आहे. ताबडतोब निघून या. आता तुम्ही म्हणाल, मला तेव्हा तरी कळायला हवं होतं, मेसेज माझाच होता. पण खाली आलो तर अंगणात पन्नास माणसं बसलेली, तानाजीकाका पाठीवर हात ठेवून 'धीर धर' म्हणतायत, कोपऱ्यात कळक आणि मडकं. मी विचारलं, "अण्णा कुठायत?" चार माणसं एकदम म्हणाली, "येत्यात. फाट्यावर आलीया बॉडी." पन्नास माणसं खोटं कशाला बोलतील? मीही त्यांच्यात बसून रडायला लागलो. मी लिहिलेला मेसेज मलाच आला आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

खरं सांगतो, त्या पंधरा मिनिटांसारखी मिनिटं मी पुन्हा बघितली नाहीत. सकाळी जाताना अण्णांनी हाक मारली होती, "संजय, च्या घेतलास का?" मी हेडफोनचा डबा फोडत होतो. हूं म्हणालो होतो. आता तेवढं 'हूं' माझ्या डोक्यात फिरत होतं. शेजारी आत्या बसली होती, आणि पोटातली अकरा वर्षांची गोष्ट आपोआप तोंडात आली.

"आत्या, लग्नाला उशीर अण्णांमुळं झाला नव्हता. ते विट्यावरनं चला म्हणत होते. माझ्या यंत्रापायी झाला. मी बोललो नाही, आणि अण्णांनी माझं नाव घेतलं नाही."

आत्याचं रडणं थांबलं.

"खरं?"

"खरं."

"आन त्यो मला म्हनला, मामाबिगर लग्न अडलं का." ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "तुला झाकायला म्हनला व्हय. आन मी अकरा वरसं त्ये धरून बसले. आता कुनाला सांगू ग बया." मग ती जी रडली, ते रडणं आधीच्यापेक्षा वेगळं होतं.

तेवढ्यात बाहेर मोटरसायकल वाजली. कडेगावात गाद्या शिवणारे रमजानचाचा, अण्णांचे जुने दोस्त, गाडी चालवत होते. मागं अण्णा. हातात कागदाची पुडी, मिशीला तेलाचा तवंग. अंगणातली माणसं बघून अण्णा सावकाश उतरले, डोक्यावरची टोपी काढली, पुडी खिशात घातली आणि गंभीर चेहऱ्यानं पुरुषांच्या ओळीत तानाजीकाकांच्या शेजारी येऊन बसले.

हळूच म्हणाले, "कोन गेलं रं, तानाजी?"

तानाजीकाकांनी मान वळवली. एकदा त्यांनी कोपऱ्यातल्या कळकाकडं बघितलं, एकदा अण्णांकडं. मग म्हणाले, "तुमीच की, अण्णा."

मी उठून अण्णांच्या गळ्यात पडलो, तर कांदाभज्यांचा वास आला. इतका चांगला वास मला कुठल्याच नव्या डब्याला आलेला नाही.

पण आत्या उठली. तिनं डोळे पुसले, अण्णांना पायापासून डोक्यापर्यंत नीट बघून घेतलं आणि पिशवी उचलली. "विश्वास, गाडी काढ."

"हौसा," अण्णा म्हणाले. अकरा वर्षांनी त्यांनी ते नाव तिच्या तोंडावर घेतलं.

"मी मड्याला आले हुते," आत्या दुसरीकडं बघत म्हणाली. "जित्त्याला यायचं माजं ठरलेलं न्हाई. चारचौघांत बोललेली हाय मी."

आता ही भावंडं एका आईच्या पोटची. दोघांनाही शब्द मोडता येत नाही. आत्याचे पाय दाराकडं वळलेले, आणि तिला जायचं नाही हे अंगणातल्या प्रत्येकाला दिसत होतं. पण तिला थांबवायला कुणाकडं शब्द नव्हता.

अण्णा उठले. ओसरीवर त्यांच्यासाठीच अंथरलेली घोंगडी होती, बाजूला पांढरी चादर होती. ते घोंगडीवर सरळ पाय करून झोपले आणि चादर तोंडावरून ओढून घेतली.

आतून आवाज आला, "घे. झालो मडं. आता तरी च्या पिऊन जा."

आत्या दोन पावलं मागं आली आणि चादरीवरून त्यांच्या दंडावर एक जोरात थापड मारली. "आसलं आभद्र बोलतंय व्हय कुनी? ऊठ आदी!" आणि मग तिथंच, त्यांच्या उशाशी बसली. चादरीतून एक हात बाहेर आला. तिनं तो धरला. त्या मनगटावर घड्याळ नव्हतं.

"अण्णा, घड्याळ कुठाय?" मी विचारलं.

चादर आणखी वर सरकली. उत्तर रमजानचाचांनी दिलं, जमिनीकडं बघत. "शेळीच्या पायाला हाय, बेटा. दीड महिना झाला. तू लई बोलायलास पावलं पावलं, तर हवालदार म्हनले, हिची कोन मोजतंय? हिला बांधू. सकाळी रानात गेलं की बांधायचं, सांजच्याला काढायचं. मग आमाला भजी खायाला येळ मिळतो."

आठ हजार, अकरा हजार, चौदा हजार. ती चढउतार. डॉक्टरांनी चष्मा वर करून बघितलेला तो आलेख. सगळं शेळीचं. साडेअकराला तिनं कालव्याच्या भिंतीवरून खाली उडी मारली, घड्याळानं विचारलं, तुम्ही ठीक आहात का, आणि शेळी पाला खात राहिली.

माणसं चहा पिऊन गेली. कळक तानाजीकाकांनी वेलाच्या मांडवाला नेले. आत्या चार दिवस राहिली. पहिल्याच दिवशी तिनं भज्यांची पुडी अण्णांच्या खिशातून काढून शेळीला घातली, आणि दुसऱ्या दिवसापासून ती स्वतः अण्णांना बांधाबांधानं चालवून आणायला लागली. पावलं कुणी मोजली नाहीत.

संध्याकाळी मी त्या त्रेपन्न कॉलखालचे मेसेज वाचले. सगळ्यांनी हात जोडले होते. फक्त उंब्रजहून बायकोनं विचारलं होतं, 'नक्की काय बिघडलंय, अण्णा की तुमचं घड्याळ?' दहा जणांत चौकशी करणारी ती एकटीच निघाली.

मग मी हेडफोनचं रेकॉर्डिंग लावलं. दीड तासाचं. खाली पन्नास माणसं, बायकांचा आक्रोश, अकरा वर्षांनी जिना चढणारी आत्या, यातलं त्यात काहीसुद्धा नव्हतं. फक्त माझा स्वच्छ आवाज होता, ओडिशातल्या माणसाला 'उठ' म्हणणारा. माइकबद्दल डब्यावर लिहिलेलं शंभर टक्के खरं आहे. तो व्हिडिओ मी कधी टाकला नाही.

घड्याळ आता अण्णा स्वतः घालतात. पण यादी त्यांनी विश्वासकडून बदलून घेतली. पहिलं नाव हौसाआत्याचं. मेसेजही स्वतः सांगून लिहून घेतलाय: 'मी बरा हाय. तरी ये.' दुसरं नाव रमजानचाचांचं, तिसरं तानाजीकाकांचं, मग माझी बायको. दहाच्या दहा जागा भरल्या आहेत आणि त्यात माझं नाव नाही.

मी एकदा विचारलं, "अण्णा, मी घरातच असतो. मला का काढलंत?"

अण्णा पट्टा आवळत म्हणाले, "तू वर आसतूस बाबा. तुला ऐकू येत न्हाई."